रिकाम्या खुर्चीपुढे सादर

बाबा बॉनला आले ते नोव्हेंबरात, आणि नोव्हेंबरात येऊ नका असं मी त्यांना तीनदा बजावलं होतं. पण जन्मभर सरकारी नोकरी केलेल्या माणसाला ठरलेली तारीख बदला म्हणणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. "ठरलंय ना, मग ठरलं," एवढंच ते म्हणाले. आई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि दिल्लीच्या फ्लॅटमध्ये ते एकटेच राहत. माझा नवरा सोमवार ते शुक्रवार र्युसेल्सहाइमच्या कारखान्यात, मुक्कामही तिकडेच. त्यामुळे आठवडाभर घरात आम्ही दोघंच, आणि साडेचारलाच येऊन बसणारा अंधार.

बाबा मूळचे साताऱ्याकडचे. विशीत परीक्षा देऊन दिल्लीला गेले आणि तिथलेच झाले. मी तिथेच जन्मले, म्हणून माझं प्रेम मराठीत आणि भांडण हिंदीत. राजधानीच्या प्रशासनात ते अंडर सेक्रेटरी होऊन निवृत्त झाले. कुठल्या खात्यात ते लिहीत नाही. दिल्लीचं दुखणं असं, की एका घरात दोन सासवा. एकीकडे लोकांनी निवडून दिलेलं मंत्रिमंडळ, दुसरीकडे केंद्राने नेमलेले बडे साहेब. शाळा, दवाखाने, पाणी निवडून आलेल्यांकडे. जमीन आणि पोलीस नेमलेल्यांकडे. आणि या दोहोंच्या मधे जे जे पडेल ते कोणाचं, यावर कुठल्याही काळात एकमत नाही. बाबांचं टेबल नेमकं त्या मधल्या जागेत होतं. ते माझ्याकडे आले तेव्हा हे भांडण कोर्टात गेलं होतं, आणि ते फोनवर त्याच्या बातम्या वाचून स्वतःशीच मान हलवत बसत.

त्यांना एका गोष्टीचा फार अभिमान होता. "माझ्या टेबलावर फाइल कधी मुक्कामाला राहिली नाही," असं ते सांगत. मी लहानपणी ते मैत्रिणींनाही ऐकवायची. फाइल पुढे जाते म्हणजे काम होतं, अशी माझी भाबडी समजूत.

दिवसभर घरात बसून ते चिडचिडे व्हायला लागले, तेव्हा मी त्यांना ऑफिसला घेऊन जाऊ लागले. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण आमची इमारतच विचित्र होती. बॉन एके काळी राजधानी होतं. राजधानी बर्लिनला गेली, पण सगळीच्या सगळी गेली नाही. काही मंत्रालयांचं पहिलं ठाणं कायद्याने बॉनलाच राहिलं, मंत्री मात्र बर्लिनमध्ये. अशाच एका मंत्रालयाच्या जुन्या इमारतीत तळमजला आणि पहिला मजला आमच्या सॉफ्टवेअर कंपनीला भाड्याने दिला होता. दुसऱ्या मजल्यावर मंत्रालयाची, दुपारीच घरी जाणारी चारपाच माणसं आणि मंत्र्यांचं दालन होतं. दालनात कोणी नसे. खाली प्रवेशाच्या हॉलमध्ये एक लाकडी बाक, हीटर आणि काचेच्या खोलीत बसणारा म्हातारा हाउसमाइस्टर. इमारतीचा राखणदार, दुरुस्तीवाला, सगळं तोच. वहीत नाव लिहून त्याने बाबांना बाकावर बसायची परवानगी दिली. "पण वर नाही," तो म्हणाला. "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, मी म्हणाले.

दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी चौथ्या दिवशी दोघं एकाच थर्मासमधली कॉफी पीत होते. हाउसमाइस्टर त्यांना थट्टेने "हेर डिरेक्टर", म्हणजे संचालकसाहेब, म्हणे. बाबा त्याला गंभीरपणे "साहेब" म्हणत.

एकदा दुपारी त्याने आपणच नियम मोडला आणि आम्हा दोघांना दुसऱ्या मजल्यावर नेऊन मंत्र्यांचं दालन दाखवलं. मोठं टेबल, चामड्याची खुर्ची, कोपऱ्यात दोन झेंडे. टेबलावर कोरे कागद, टोक काढलेली हिरवी पेन्सिल, पाण्याचा पालथा घातलेला पेला. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान त्याच दिवसाचं होतं. हाउसमाइस्टर रोज सकाळी येऊन ते फाडतो आणि पेला धुतो. मंत्री शेवटचे वसंतात आले होते, चाळीस मिनिटं.

"हिरवी का?" बाबांनी विचारलं.

मी विचारून सांगितलं, की इथल्या मंत्रालयांत प्रत्येक पायरीला पेन्सिलीचा रंग ठरलेला असतो आणि हिरवा फक्त मंत्र्यांचा. दुसऱ्या कोणी त्या रंगाने कागदावर रेघसुद्धा मारत नाही.

"आमच्याकडेही हिरवी शाई वरच्यांचीच," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम हळू झाला होता. ते टेबलापासून चार हात लांब उभे होते, हात मागे बांधून. मला ते अजिबात आवडलं नाही. माझे बाबा माझ्या शाळेच्या प्रिन्सिपॉलसमोरही असे उभे राहिले नव्हते, आणि इथे तर समोर नुसती खुर्ची होती.

त्या मजल्यावरचे दिवे माणसाची हालचाल झाली की आपोआप लागत. संध्याकाळी आम्ही बाहेर पडलो की बाबा रस्त्यावर थांबून मान वर करत. वर एका टोकाला दिवा लागे, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा, असं करत पार दुसऱ्या टोकापर्यंत. थोड्या वेळाने त्याच क्रमाने विझत.

"फेरी मारतंय कोणीतरी."

"साफसफाईवाली असेल हो बाबा."

साफसफाईवाली पहाटे सहाला येऊन जाते हे मला ठाऊक होतं.

आणि लिफ्ट. सकाळी ठीक नऊ वाजता लिफ्ट स्वतःहून खाली यायची आणि दार उघडून उभी राहायची. दोन मिनिटांनी दार मिटून रिकामीच दुसऱ्या मजल्यावर जायची. राजधानी इथे होती तेव्हा मंत्र्यांना ताटकळावं लागू नये म्हणून ती तशी लावून ठेवली होती. ते बंद करायचं तर इमारत कोणाच्या ताब्यात, लिफ्ट कोणाच्या आणि आदेश बॉनने द्यायचा की बर्लिनने, याची पत्रं वर्षानुवर्षं चालू होती. हाउसमाइस्टर हे सांगताना हसला. बाबा हसले नाहीत. "बरोबर आहे," म्हणाले. "अधिकार नसताना कोण हात लावणार?"

दुसऱ्या आठवड्यात मी दुपारी खाली आले तर बाबा बाकाच्या अगदी कडेला अंग चोरून बसलेले. बाकीचा बाक मोकळा.

"असे का बसलात? पडाल."

"मंगळवार आहे ना," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून भानावर आल्यासारखे झाले आणि सरकून नीट बसले. बाकाच्या मोकळ्या भागावर पाण्याचे ओले ठसे होते. बाहेर पाऊस होता, कोणीही येऊन बसून गेलं असेल. मी हाउसमाइस्टरला विचारलं. तो म्हणाला, सकाळपासून तुमच्या वडिलांशिवाय कोणी आलेलं नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर मी चहा ठेवता ठेवता सरळ विचारलं, "मंगळवारी कोण येतं बाबा?"

त्यांनी सांगितलं. एका सरकारी शाळेचा चौकीदार होता. शाळेच्या फाटकासमोरून उघडा नाला जायचा, त्यावर एकच फळी. नाल्यावर स्लॅब टाका, एवढाच त्याचा अर्ज. शाळा निवडून आलेल्यांची, नाल्याखालची जमीन नेमलेल्यांची. दर मंगळवारी तो भेटीच्या वेळेत बाबांच्या ऑफिसात यायचा आणि बाहेरच्या बाकावर टोपी गुडघ्यावर ठेवून बसायचा. पावसाळ्यात त्याचे पाय गुडघ्यापर्यंत ओले असत, कारण तो नाल्याच्या दोन्ही बाजूंना दोर बांधून, स्वतः पाण्यात उभा राहून मुलांना पार करायचा.

"मग? टाकला स्लॅब?"

"फाइल मंत्र्यांकडे पाठवली तर ते लिहीत, जमिनीवाल्यांचं मत घ्या. तिकडे पाठवली तर ते लिहीत, शाळेवाल्यांनी आधी प्रस्ताव द्यावा. मी कधी इकडे पाठवायचो, कधी तिकडे. अगदीच अडलं तर वरचे साहेब लिहीत, 'चर्चा करावी.' चर्चा कोणी करत नाही गं. पण फाइल चालू राहते."

"किती दिवस?"

"पाच वर्षं. मग तो यायचा बंद झाला."

चहा उतू गेला. बाबा म्हणाले, "इतकी वर्षं मनात आहे. माझं चुकलं की नाही, हे कोणीतरी सगळं वाचून सांगायला हवं. एकदा शेरा मिळाला की सुटलो."

मला वाटलं म्हातारपण आहे, एकटेपण आहे, बोलले की हलकं वाटेल. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि विषय संपवला. माझी अक्कल एवढीच.

पुढचे चार दिवस ते जेवणाच्या टेबलावर लिहीत बसले. माझ्याकडून पुठ्ठ्याचं फोल्डर मागून घेतलं. मला वाटलं आठवणी लिहितायत, बरं झालं. पाचव्या दिवशी हाउसमाइस्टर मला जिन्यात गाठून खुशीत म्हणाला, "हेर डिरेक्टरांनी त्यांची फाइल दिली, मी ती मंत्र्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांना किती आनंद झाला!"

आमचं कॉन्ट्रॅक्ट त्याच मंत्रालयाशी होतं. कोणी विचारलं तर काय सांगू, की माझे वडील रिकाम्या खुर्चीला फाइली सादर करतात? मी त्याला घेऊन तशीच वर धावले. टेबलावर कोरे कागद होते, पेला होता, हिरवी पेन्सिल होती. फाइल नव्हती. हाउसमाइस्टरने खण उघडून पाहिले, खाली वाकून पाहिलं. किल्ली त्याच्या कमरेलाच होती. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. आम्ही बाहेर आलो आणि त्याने दार दोनदा ओढून पाहिलं.

तीन दिवसांनी फाइल परत आली. खालच्या टपालाच्या ट्रेमध्ये, इतर पाकिटांच्या वर. कोणी ठेवली ते हाउसमाइस्टरने पाहिलं नव्हतं. बाबांनी इंग्रजीत, जुन्या वळणदार अक्षरात, क्रमांक घातलेले सत्तावीस परिच्छेद लिहिले होते आणि शेवटी "आदेशार्थ सादर". त्याच्या बाजूला समासात हिरव्या पेन्सिलीने दोन जर्मन अक्षरं होती. बी आणि आर.

"तुम्ही लिहिलंत हे?" मी हाउसमाइस्टरला विचारलं.

तो इतका दुखावला की मलाच लाज वाटली. "चौतीस वर्षं आहे मी इथे," तो म्हणाला. "मी ती पेन्सिल टोक काढण्यापुरती उचलतो."

आजवर मी याचा उलगडा केलेला नाही. बर्लिनहून कोणी येऊन गेलं असेल. दुसऱ्या मजल्यावरच्या चारपाच माणसांपैकी कोणाला गंमत सुचली असेल. पण इंग्रजी सत्तावीस परिच्छेद वाचून नेमकी तीच दोन अक्षरं लिहावीत, ही कसली गंमत?

त्या अक्षरांचा अर्थ मला माहीत होता, कारण मंत्रालयाच्या फाइलींसाठी आम्हीच केलेल्या प्रोग्रॅममध्ये तो शेरा एका बटणावर होता. बिटं र्युकश्प्राखं. समोर येऊन बोलावं.

बाबा त्या दिवशी घरीच होते; त्यांना दाखवण्याआधी मी ती फाइल परतीच्या ट्राममध्ये वाचली. चौकीदाराचं येणं, इकडची टिपणी, तिकडची टिपणी. सव्विसावा परिच्छेद असा होता: शिपायाने सांगितलं, की अर्जदार मोठ्या पावसात मुलांना पार करताना दोर सुटून नाल्यात वाहून गेला आणि मेला. ही नोंद मूळ फाइलवर केलेली नाही. सत्ताविसावा: अर्जदार दोन महिने पाठपुरावा करत नाही, सबब प्रकरण बंद करण्यास हरकत नसावी, असं मी सादर केलं. दोन्हीकडून एकाच दिवशी मंजुरी आली. या फाइलवर दोन्ही बाजूंचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर.

मी घरी गेले आणि बूटही न काढता ओरडले. दिल्लीच्या हिंदीत ओरडले. "माहीत होतं तुम्हाला! तो मेलाय हे माहीत असून तुम्ही लिहिलंत, की तो पाठपुरावा करत नाही?"

बाबा खुर्चीत बसून होते. "खोटं नव्हतं ते," म्हणाले. "करत नव्हताच."

माझ्या वडिलांची मला त्या क्षणी किळस आली. हे लिहायला मला दहा वेळा पेन खाली ठेवावं लागलं, पण आली हे खरं. मी फाइल त्यांच्या मांडीवर टाकली आणि शेऱ्याचा अर्थ सांगितला. ते बराच वेळ त्या दोन अक्षरांवर बोट ठेवून बसले. मग म्हणाले, "बोलावलंय तर जायला हवं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टाय बांधला. नऊला पाच मिनिटं असताना ते ऑफिसच्या हॉलमधल्या बाकावर बसले, फाइल छातीशी धरून. मी वहीत त्यांचं नाव लिहीत होते. लिफ्ट खाली आली, दार उघडलं, आणि मी मान वर करेपर्यंत बाबा आत होते. दार मिटलं. हाउसमाइस्टर "हाल्ट!" म्हणून ओरडला, किल्ल्या शोधायला लागला. मी जिन्याने पळाले.

दुसऱ्या मजल्यावरचे सगळे दिवे लागलेले होते. दालनाचं दार, जे रोज कुलपात असतं, ते उघडं होतं.

बाबा टेबलासमोर उभे होते, माझ्याकडे पाठ करून. या वेळी हात मागे नव्हते. ते हिंदीत बोलत होते. मंत्र्यांशी कोणी हिंदीत बोलत नाही, जर्मन मंत्र्यांशी तर नाहीच. ते म्हणत होते, "फाइल मेरे पास थी भैया. उनके पास नहीं, इनके पास नहीं. मेरे पास थी." तेच पुन्हा, तेच पुन्हा. आवाज चढलेला नव्हता. घरी पाहुण्याला पाणी विचारावं तसा होता.

मी दारात खिळून उभी राहिले. ते हलत नव्हते, मी हलत नव्हते. त्यामुळे काही वेळाने दिवे विझले, जसे विझायला हवेत. नोव्हेंबरची सकाळ, खिडकीबाहेर धुकं, आत राखाडी अंधार. आणि मग आम्ही दोघंही जागच्या जागी असताना दिवे पुन्हा लागले. आधी खुर्चीवरचा, मग टेबलावरचा, मग बाबांच्या डोक्यावरचा, आणि शेवटी माझ्या. माझ्या अंगाजवळून ओल्या कपड्यांचा, चिखलाचा वास बाहेर गेला. मी भित्री नाही, पण त्या वेळी मी चौकट धरून डोळे मिटून घेतले.

डोळे उघडले तेव्हा बाबा माझ्यासमोर होते. चेहरा पांढरा, पण शांत.

"त्याने विचारलं, साइट पाहिलीत का," ते म्हणाले.

"कोणी?"

"पाच वर्षं फाइल चालवली मी. नाला एकदाही पाहिला नाही गं. बसने वीस मिनिटांवर होता."

मी त्यांना हाताला धरून जिन्यानेच खाली आणलं. हाउसमाइस्टर किल्ल्या हातात घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभा होता. वहीतलं बाबांचं नाव त्याने एका रेघेने खोडलं.

बाबांनी तिकीट अलीकडे आणलं. तारीख बदलण्याची त्यांची ती पहिलीच वेळ असावी. मी अडवलं नाही. खरं सांगायचं तर मला ते जावेत असंच वाटत होतं, आणि विमानतळावर ते वळून हात हलवताना मला रडू आलं तेही खरंच.

जानेवारीत एका दुपारी त्यांचा फोन आला. मागे मुलांचा कलकलाट होता, शाळा सुटली असावी. ते त्या शाळेपाशी उभे होते.

"स्लॅब टाकलाय का?" मी आधी तेच विचारलं.

"नाही. तीच फळी आहे. ओलांडून आलो."

चौकीदाराची बायको शाळेमागच्या खोलीत राहत होती. बाबांनी तिला आपलं नाव सांगितलं, खातं सांगितलं. तिने पदराने खुर्ची पुसली. तिचा नवरा म्हणायचा, एक ना एक दिवस साहेब स्वतः जागा बघायला येतील. तिला वाटलं, आले. ती त्यांना नाल्याच्या कडेकडेने घेऊन गेली, कुठून दोर बांधायचा ते दाखवलं, कुठे सुटला ते दाखवलं. त्यांचा जोडा चिखलात रुतला तेव्हा तिनेच तो काढून धुऊन दिला.

"मग तुम्ही सांगितलंत ना तिला सगळं?" मी विचारलं. "बंद करण्याचं टिपण तुम्ही लिहिलं होतं ते?"

"सांगितलं."

"काय म्हणाली?"

"शेजारच्या मुलीला बोलावलं आणि नवा अर्ज लिहून घेतला. माझ्या हातात दिला. पोच मागितली. मी सही करून दिली."

मी भडकलेच. "बाबा! तुम्ही निवृत्त आहात. कुठल्या अधिकाराने सही केलीत? कोणाकडे देणार आहात तो अर्ज, इकडे की तिकडे?"

"दोन्हीकडे जाईन. बाकावर बसेन."

"आणि तिला काय सांगितलंत?"

पलीकडे मुलं ओरडत होती, एकेक करून फळीवरून जात असावीत. बाबा त्यांच्याकडे बघत असावेत.

"चौकशीला कुठे येऊ, म्हणून विचारत होती," ते म्हणाले. "मी घरचा पत्ता दिलाय."